नावेवरचे दोन भोंगे

सुकलालने दुसरा भोंगा बांबूला टेकवला, तारेचं टोक दातांत धरलं आणि एका हाताने पिशवीतली पक्कड चाचपली. नाव दोराने काठाला बांधलेली होती, तरी तिचं डुलणं थांबत नव्हतं. बांबू डुलला की भोंगाही डुले. मग मागून कुणीतरी आलं आणि बांबू खालच्या बाजूने घट्ट धरला. कोण ते सुकलालला न बघताच कळलं. त्याने तार दोनदा गुंडाळली, पक्कडीने पिळली आणि उरलेलं टोक मुडपून टाकलं.

"धरी ठेव," तो म्हणाला.

"धरेल शे," मागून नावाडी सुपडू म्हणाला.

सकाळपासून दोघांत झालेलं हे पहिलं बोलणं.

काठावर छगनभाई छत्री घेऊन उभे होते. हातखेड्यात त्यांची केळी होती, ऊस होता आणि दोन वर्षांपासून घाटावरच्या नावेचा मक्ताही त्यांच्याकडेच होता. कार्तिकी पुनवेला तापीच्या पलीकडे महादेवाची जत्रा भरे; ती आता तोंडावर आली होती. त्या दिवशी ही एकच मोठी नाव उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत माणसं वाहून नेई. जत्रेच्या दिवशी उतारूंना भोंग्यावरून सूचना द्याव्यात, असा वरून हुकूम आला होता. गेल्या साली छगनभाईंनी एक भोंगा आणि लहानसं मशीन बसवून तो पाळला होता.

"खाले बठेल मानूसलेच आयकू ये," ते काठावरून ओरडून सांगत होते. "बाकीसले काहीच नही. आवंदा दोन भोंगा आनि मोठं मशीन. काठवर उभा मानूसलेबी समजाले पाहिजे, मिस्तरी."

सुकलालने मान हलवली. शहाद्याच्या पेठेत त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लग्नाकार्यांना, सभांना तो मशीन आणि भोंगे भाड्याने देई. छगनभाई दुकानात आले तेव्हा त्याला नाही म्हणता आलं असतं. गेल्या साली तो म्हणालाही होता, आणि तो एक भोंगा नंदुरबारच्या माणसाने बसवला होता. पण यंदा छगनभाई दुकानाच्या फळीवर बसूनच राहिले. पुन्हा नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. कारण गावाला ठाऊक होतं, पण ते स्वतःच्या तोंडाने सांगण्यापेक्षा काम केलेलं बरं, असं त्याला वाटलं.

छगनभाई जेवायला घरी गेले. नावेवर दोघे उरले. सुपडूचा साडू दिवाल्या काठावर बसून वल्ह्याची दोरी आवळत होता.

सुकलालने मशीनची पेटी उघडली. लॉरीची बॅटरी तो शहाद्याहून बसच्या टपावर घालून घेऊन आला होता. ती कुठे ठेवावी म्हणून त्याने नावेत नजर फिरवली आणि पुढच्या आडव्या फळीखाली जागा बघून तिथे गोणपाट अंथरलं.

"तठे नको," सुपडू म्हणाला.

सुकलालने वर पाहिलं.

"नावमा चढनारा मानूस पह्यला पाय तठेच ठेवस. बाया ते नक्कीच." सुपडूने मागच्या बाजूला बोट दाखवलं. "अठे ठेव. मन्हा पायजवळ. अठे कोनी येत नही."

सांगणं बरोबर होतं. सुकलालने बॅटरी उचलून मागे नेली. तारा त्याने नावेच्या काठाच्या आतल्या बाजूने, पाणी साचतं त्याच्या वीतभर वरून नेल्या आणि दर दोन हातांवर चामड्याची पट्टी ठोकून पक्क्या केल्या. जिथे लोखंडी खिळा दिसला तिथे तारेवर रबराची नळी चढवली. त्याचे हात सवयीने चालत होते. सुपडू न सांगता हातात खिळा ठेवत होता, न सांगता नळी धरत होता. पन्नाशीचा तो माणूस सहा वर्षांत बराच वाळला होता. मान पुढे आली होती. दंड मात्र वल्ह्याचेच राहिले होते.

"हाऊ भोंगा इतला वर कसाले?" थोड्या वेळाने सुपडूने विचारलं. "खाले कर. मानसं बठेल ऱ्हातस."

"एक बठेलसले, एक काठले," सुकलाल म्हणाला. पण त्याने पुढचा भोंगा हातभर खाली घेतला.

सहा वर्षांपूर्वी कार्तिकी पुनवेला सुकलाल या काठावर उभा होता. त्या साली जत्रेच्या पंचांनी त्याला मशीन लावायला बोलावलं होतं. लग्नाला दोन वर्षं झालेली. सरला म्हणाली, मीही येते, आणि शेजारच्या दोन बायकांबरोबर निघाली. नाव आली तेव्हा ती आधीच भरल्यासारखी होती. सुकलालकडे मशीनची पेटी होती, रेकॉर्डींचा डबा होता, भोंगा होता. सुपडू म्हणाला, सामान पुढच्या खेपेला येऊ दे. सरला चढली. चढताना तिने लुगड्याचा काठ एका हातात धरला होता आणि दुसरा हात त्याच्या हातात होता. मग तिने तो सोडवून घेतला, कारण नाव हलली होती.

नाव डोहाच्या मध्यावर असताना पलीकडच्या काठावर पालखी आली. ढोल वाजू लागले. नावेतली माणसं पालखी बघायला उठली आणि सगळी एका अंगाला आली. सुकलालला एवढंच दिसलं की नावेची एक बाजू खाली गेली आणि मग नाव दिसेनाशी झाली. पुष्कळ लोक पोहून निघाले, काहींना काठावरच्या भोयांनी काढलं. सात जण बुडाले. सरला तिसऱ्या दिवशी दोन कोसांवर सापडली.

चौकशी झाली. सुपडूचं म्हणणं होतं की आपण बसा, बसा म्हणून घसा फाटेपर्यंत ओरडलो, कुणी ऐकलं नाही. वाचलेल्यांपैकी ढोलांच्या आवाजात काही ऐकलं असं छातीठोक सांगणारा एकच निघाला, दिवाल्या, आणि तो सुपडूचा साडू. काठावर उभा असलेला, शिकलेला आणि सुपडूचा नातेवाईक नसलेला साक्षीदार सुकलाल होता. सरलाच्या दहाव्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याला कचेरीत बोलावलं. साहेबांनी विचारलं, नावाड्याने लोकांना बसायला सांगितल्याचं तुम्हाला ऐकू आलं का? तो म्हणाला, नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं, कोणतीही हाक? तो म्हणाला, नाही, मला काही ऐकू आलं नाही. पुढे कोर्टातही तोच जबाब वाचला गेला. सुपडूला सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि नाव गेली. तुरुंगातून आल्यावर तो तीन वर्षं दुसऱ्यांच्या मळ्यांत पाणी भरायला होता. छगनभाईंनी मक्ता घेतल्यावर त्याला परत आणून नावेवर बसवलं, कारण डोहातली वाळू कुठे सरकते ते दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं.

दुपार कलली तेव्हा तारा जोडून झाल्या. सुकलालने बॅटरीच्या खुंट्यांना चिमटे लावले आणि मशीनचं बटण फिरवलं. लाल दिवा लागला.

"लगेच बोलानं नही," तो सुपडूला म्हणाला. "मिनिटभर तापू देनं. मंग हाई बटन दाबीसन बोलानं. माईक तोंडपाईन वीतभर लांब धरानं."

"काय बोलानं?"

"काहीबी. एक, दोन, तीन बोल."

दोघांपैकी एकाने काठावर थांबून ऐकणं भाग होतं. सुकलाल उतरला. दिवाल्या वल्ह्यावर बसला, सुपडूने मागचं वल्हं धरलं आणि नाव डोहाकडे निघाली. काठावर आता सुकलालशिवाय कुणी नव्हतं. वारा गावाकडून येत होता आणि त्याच्या पाठीवरून, धोतराचा सोगा पुढे उडवत, नदीवर जात होता.

मध्यावर नाव थांबली. सुपडू उभा राहिला. त्याने माईक तोंडापुढे धरला. सुकलालने कान दिले. भोंगे गप्प होते. सुपडूने माईक जवळ घेतला, लांब धरला, उलटा करून पाहिला. मग तो वाकला, मशीनकडे बघून पुन्हा उभा राहिला आणि माईक खाली ठेवला.

त्याने सुकलालकडे तोंड केलं आणि ओरडायला सुरुवात केली.

ओरडतोय हे दिसत होतं. छाती फुगत होती, मान ताणलेली होती, तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. त्याने दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि तळवे खाली करून ते दाबत खाली आणले. बहुधा म्हणत होता, मशीन बसलं, दिवा विझला. हात पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. सुकलाल दोन पावलं पुढे, घोटाभर पाण्यात गेला. ढोल नव्हते, माणसं नव्हती. पलीकडे एक बगळा उडाला. सुपडूच्या तोंडून निघालेला एक शब्दही काठापर्यंत आला नाही.

सुकलाल पाण्यातच उभा राहिला.

हे हात त्याने पाहिले होते. नाव कलंडण्याच्या आधी ते असेच माणसांच्या डोक्यांवर उठले होते आणि तळवे खाली करून दाबत खाली आले होते, एकदा नव्हे, तीनचार वेळा. तेव्हा तो सरलाचं हिरवं लुगडं शोधत होता, तरी ते दिसले होते. कचेरीत खुर्चीवर बसल्यावरही ते डोळ्यांपुढे होते. साहेबांनी ऐकू आलं का, एवढंच विचारलं. तो जेवढ्यास तेवढं बोलला आणि सही करून बाहेर आला. बाहेर पायरीवर सुपडूची बायको धनुबाई बसलेली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो दुसरीकडे बघत निघून गेला होता.

नाव परत आली. सुपडू दोर टाकून उडी मारून उतरला. त्याचा आवाज बसला होता.

"दिवा विझी गया," तो म्हणाला. "मंग मी तोंडवरीच सांगं. कितला वरडनू! आयकाले उनं का?"

"नही."

"काहीच नही?"

"काहीच नही."

सुपडूने खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं. मग तो हळूहळू खाली, वाळूवर बसला. नावेकडे, डोहाकडे आणि पुन्हा सुकलालकडे त्याने पाहिलं. मधलं अंतर मोजत असावा तसं.

"इतला जवळथून?" तो म्हणाला. "आज ते ढोलबी नही."

सुकलाल पाण्यातून वाळूवर आला.

"मंग तू खरं बोलना व्हता," सुपडू म्हणाला. "माले वाटे, बायको गयी म्हनीसन तू रागमा बोलना. सहा वरीस मी तुले खोटा समजनू, मिस्तरी. घरमाबी तेच सांगं, पोरेसलेबी तेच सांगं." त्याने वाळूवर हात टेकला आणि उठला. "आज घर जाईसन सांगी दिसू."

दिवाल्या वल्हं टेकवून उभा होता. त्यानेही मान हलवली.

सुकलाल नावेत चढला. बॅटरीचा एक चिमटा खुंटीवरून निसटला होता. दिवाल्या चढताना मागून गेला असेल, त्याचा पाय लागला असेल. सुकलालने चिमटा काढून खुंटी कानशीने घासली, चिमटा परत बसवला आणि वरून तारेने आवळला. तारेच्या एका वेढ्याने भागलं असतं. त्याने चार वेढे दिले.

"सुपडूदादा," तो मान वर न करता म्हणाला.

"काय?"

बॅटरीवर हातभर फळी आडवी ठेवून त्याने ती नावेच्या लाकडाला खिळ्यांनी ठोकली.

"काही नही. बॅटरी कोरडी ठेवजो. आनि बोली झायं की बटन बंद करजो, नही ते दुपारलेच उतरी जाई."

नाव पुन्हा निघाली. या वेळी सुकलाल मागे, घाटाच्या वरच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. मध्यावर नाव थांबली. सुपडू मिनिटभर थांबला. मग भोंग्यांत खरखर झाली, आणि एक खोकला इतका जवळून आला की सुकलालने मागे वळून पाहिलं.

एक, दोन, तीन असं काही ऐकू आलं नाही. थोडा वेळ नुसता वारा भोंग्यांतून वाजला. नंतर सुपडूचा बसलेला आवाज आला.

"बठी जा. बाया, बठी जा. एक अंगले येऊ नका. बठी जा, माय, बठी जा…"

शब्द न् शब्द काठावर आला, गावाच्या पहिल्या घरांवर आदळला आणि परत आला. घरांतून दोनतीन बायका बाहेर येऊन बघू लागल्या. छगनभाई धावतच घाटावर आले आणि हसून म्हणाले, "आते झायं काम! बामखेडापर्यंत जाई हाऊ आवाज." सुकलालने नावेकडे बघून हात वर केला. ऐकू आलं, या अर्थाने. सुपडूला तो दिसला असावा, कारण आवाज थांबला.

संध्याकाळची बस त्याला मिळाली. घरी तो नीट जेवला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याची वेळ झाली तरी फळ्या लावलेल्याच राहिल्या. तो कचेरीत गेला.

दफ्तरखान्यातला कारकून वयस्कर होता. कोणत्या सालचं प्रकरण, कुठला घाट, हे त्याने दोनदा विचारून घेतलं. फडताळातून कागद बांधलेला एक रुमाल काढला, धूळ झटकली, गाठ सोडली. कागद उलटायला वेळ लागला. सुकलाल बाकावर बसला होता.

"सापडलं," कारकून म्हणाला. त्याने चष्मा वर ढकलून वाचलं. "'मी काठावर हजर होतो. नावाड्याने लोकांस बसण्यास सांगितल्याचे मला ऐकू आले नाही. कोणतीही हाक ऐकू आली नाही.' खाली सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग? यात काही चूक आहे?"

"नाही."

"ऐकू आलं होतं का?"

"नाही. ऐकू आलं नव्हतं."

कारकुनाने चष्मा काढला. "अहो मिस्तरी, मग जबाब बरोबर आहे. बदलायचं काय? आणि प्रकरण कधीच निकाली निघालं. त्या माणसाने शिक्षाही भोगली."

"दिसलेलं राहिलं," सुकलाल म्हणाला.

कारकून त्याच्याकडे बघत राहिला. त्याला काही समजलं असेल किंवा नसेल. त्याने टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढला आणि दौत पुढे सरकवली.

"याचा उपयोग काही होणार नाही, आधीच सांगतो. पण अर्ज द्या. आवक बारनिशीच्या वहीत चढवतो आणि या रुमालात ठेवतो. कुणी उघडला तर दिसेल."

सुकलालने लिहायला घेतलं. अक्षर चांगलं यावं म्हणून तो सावकाश लिहीत होता. "नाव कलंडण्यापूर्वी नावाडी सुपडू हा दोन्ही हात वर करून, तळवे खाली दाबून लोकांस बसण्याची खूण करीत होता व त्याचे तोंड उघडे होते. हे मी काठावरून स्पष्ट पाहिले. त्या वेळी मला ऐकू आले काय एवढेच विचारण्यात आले, म्हणून मी हे सांगितले नाही."

त्याने टाक खाली ठेवला. शाई वाळायची होती. व्हरांड्यात कुणीतरी शिपायाला हाका मारत होतं. सुकलालने लिहिलेलं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि टाक बुडवून "त्या वेळी" पासून "म्हणून" पर्यंतच्या मजकुरावर एक सरळ रेघ ओढली.

कारकुनाने कागद आपल्याकडे फिरवून पाहिला.

"खाडाखोड झाली," तो म्हणाला. "तिथेही सही लागेल."

सुकलालने रेघेच्या टोकाला सही केली.